पाच गोळ्यांचं एकच भोक

कागदावर भोक एकच आहे, वाटाण्याएवढं. नेमबाज म्हणतो, पाच गोळ्या मारल्या. खरं कशावरून?

अमेरिकेतल्या बेंचरेस्ट सामन्यांत यावर फार सुरेख तोड काढली आहे. निशाणाच्या कागदामागे, थोड्या अंतरावर, कागदाची एक पट्टी सामना चालू असताना हळूहळू सरकत राहते. पुढच्या कागदावर सगळ्या गोळ्या एकाच भोकातून गेल्या, तरी मागच्या पट्टीवर पाच वेगळी भोकं ओळीने दिसतात. पाचाला पाच!

खेळ सांगायला सोपा आहे. भक्कम बाकावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवायची आणि १०० किंवा २०० यार्डांवर पाच गोळ्या जितक्या जवळजवळ पडतील तितक्या पाडायच्या. या पाच भोकांच्या झुबक्याला गट म्हणतात. गटाच्या सामन्यात मधल्या गोलात लागल्या की नाही, याला गुण नाहीत. सगळ्यांत लांब पडलेल्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं, बस्स. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकलं ते गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून, रायफल स्वतःच्या अंगावर पेलत. बेंचरेस्टमध्ये तो भार बाक घेतो. म्हणून इथे पहिली रायफल जुळवताना प्रत्येक सुट्या भागाचा इतका कीस पाडतात.

दोन केसांची जाडी

१९७३ साली मॅक मॅकमिलन यांनी १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा गट मारला ०.००९ इंचांचा. हा विक्रम ४० वर्षं हलला नाही. २०१३ मध्ये माइक स्टिनेट यांनी ०.००७७ इंच मारला. म्हणजे ०.२ मिलिमीटरसुद्धा नाही. माणसाचे दोन-तीन केस शेजारी ठेवा, तेवढं अंतर.

जिंकणाऱ्या काडतुसाची आजी

या खेळात सर्वाधिक जिंकणारं काडतूस म्हणजे ६ मिमी पीपीसी. १९७०च्या दशकाच्या मध्यावर लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी ते घडवलं. एक डॉक्टर, दुसरा हत्यारं-साचे बनवणारा कारागीर. पीपीसी म्हणजे पाल्मिसानो, पिंडेल आणि कार्ट्रिज. त्यांनी मूळ घेतलं .२२० रशियन नावाचं काडतूस, आणि ते उतरलं होतं कलाश्निकोव्हच्या ७.६२ × ३९ वरून! अंदाधुंद माऱ्यासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या बंदुकीच्या काडतुसाची नात जगातली सर्वांत नेमकी निघाली. बुटकं, जाडसर, आत दारू आखूड आणि रुंद थरात. नवख्यानं इथे डोकं चालवू नये, सरळ पीपीसी घ्यावं. पन्नास वर्षं लोकांनी चुका करून झाल्या आहेत, त्यांचा फायदा फुकट मिळतो.

अपवाद एकच. गटाऐवजी गुणांवर चालणारे सामने खेळायचे असतील, तर .३० बीआर बघा. गोळी जाड, भोक मोठं, त्यामुळे कड वरच्या गुणाच्या रेषेला शिवण्याची शक्यता जास्त. कोणता खेळ खेळायचा हे आधी ठरवा, खरेदी नंतर.

पैसा ओता तो बॅरलमध्ये

माझं ठाम मत आहे: खिशात मोजके पैसे असतील तर अ‍ॅक्शन जुनी घ्या, दस्ता जुना घ्या, बॅरल मात्र नवी आणि उत्तम घ्या. अ‍ॅक्शन म्हणजे काडतूस आत घेऊन बोल्टनं कुलूपबंद करणारा भाग, ती पिढ्यान्पिढ्या टिकते. बॅरल झिजते. तबल्याचं खोड तेच राहतं आणि पुडी बदलत राहते, तसं या खेळात बॅरलचं आहे. म्हणून अनुभवी नेमबाजाची वापरलेली रायफल विकत घेऊन तिला नवी बॅरल चढवणं हा सगळ्यांत शहाणपणाचा सौदा.

क्रीगर, बार्टलाइन, हार्ट, शिलेन ही बॅरल बनवणाऱ्यांतली मानाची नावं. कुणी आतले आटे एकेक पात्यानं कापून काढतात, तर कुणी कठीण धातूचं बटण दाबून ओढतात. दोन्ही रीतींनी सामने जिंकले गेले आहेत, त्या वादात नवख्यानं पडू नये. त्यानं आट्यांचा पीळ बघावा. पीपीसीच्या हलक्या गोळ्यांना १४ इंचांत एक फेरा पुरतो. सेकंदाला सुमारे हजार मीटर वेगानं निघालेली गोळी त्या पिळानं मिनिटाला १ लाख ७० हजारांच्या आसपास गिरक्या घेते!

आणि बॅरल कितीही भारी असो, तिला चेंबर, म्हणजे काडतूस बसायची पोकळी, कापणारा कारागीर कच्चा असेल तर सगळं पाण्यात. पीपीसीचं चेंबर मानेशी बहुधा ०.२६२ इंच ठेवतात. पेटीतून काढलेली काडतुसाची कोरी पितळी केस त्यात बसतच नाही. तिची मान छोट्या कातयंत्रावर फिरवून, पापुद्रा पापुद्रा काढून, भोवताली एकसारखी पातळ करावी लागते. कापलेल्या पितळेचा चमचमता भुगा बोटांना चिकटतो. एकेक केस मायक्रोमीटरखाली जाते, आणि एखाद्या बाजूला जरा जाड निघाली की ती सरावाच्या डब्यात.

अंड्याएवढा हलका चाप

चांगला बेंचरेस्ट ट्रिगर सुटतो ५७ ग्रॅम दाबाला. कोंबडीचं एक अंडं साधारण तेवढंच भरतं. बोट ठेवलं म्हणेपर्यंत गोळी गेलेली असते, तेव्हा त्याची सवय गोळी न भरता करून घ्यावी.

वजनाचा काटा मात्र सगळ्यांना सारखा. लाइट व्हार्मिंट वर्गात दुर्बिणीसकट रायफल १०.५ पौंड, म्हणजे ४.७६ किलोच्या आत हवी. हेव्ही व्हार्मिंटला मर्यादा १३.५ पौंड. कार्बन फायबरचा दस्ता महाग असूनही लोक घेतात तो यासाठी. तिथे वाचलेले ग्रॅम बॅरलच्या जाडीला देता येतात.

दुर्बीण ३६ पटींची किंवा त्याहून जोरदार लागते. एकेका धक्क्यानं आतलं भिंग केसभर सरकतं या धास्तीनं काहींनी दुर्बिणीचे आतले भाग चक्क चिकटवून गोठवले आणि नेम बसवायची सोय बाहेर, दुर्बीण धरणाऱ्या माउंटवर आणली.

स्वस्तातला भाग, तोच विसरतात

वाऱ्याचे झेंडे! बाकापासून निशाणापर्यंत रांगेत रोवलेली पाती आणि खाली फडफडणाऱ्या हलक्या शेपट्या. नवखा माणूस ट्रिगरवर खर्च करतो आणि झेंडे पुढच्या वर्षावर ढकलतो. जरा हिशोब करा. ताशी दीड किलोमीटरची आडवी झुळूक, गालाला जेमतेम कळणारी, १०० यार्डांवर पीपीसीची गोळी २ मिलिमीटरच्या आसपास हलवते. विक्रमी गटाच्या दहापट! शिवाय गोळी फिरत असल्यामुळे ती नुसती आडवी सरकत नाही. उजव्या पिळाच्या बॅरलमध्ये उजवीकडून वारा आला की गोळी घड्याळातल्या दहाच्या आकड्याकडे चढते, डावीकडून आला की चाराकडे उतरते. बॅरल कितीही भारी असली तरी वाऱ्याचं हे ढकलणं टळत नाही. झेंडे नसलेल्या रायफलीला मी अर्धी रायफल म्हणतो.

ह्यूस्टनमधल्या एका लांबलचक गोदामाची गोष्ट या खेळात आजही सांगतात. तिथे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्जिल किंग आणि मंडळी बंद छपराखाली, वारा शून्य असताना १०० यार्डांवर प्रयोग करत. वारा काढून टाकला की उरते फक्त रायफल आणि तिचे भाग. त्यांना बॅरलची २१.७५ इंच लांबी सगळ्यांत लाभली.

मैदानावर मात्र छप्पर नसतं. पाच गोळ्यांना ७ मिनिटं मिळतात. कुणी पहिली तीन-चार मिनिटं नुसता बसून राहतो. डोळे झेंड्यांवर, मधूनमधून सरावाच्या निशाणावर एखादी गोळी. अनेकांच्या अ‍ॅक्शनला बोल्ट उजवीकडे आणि काडतूस घालायची खिडकी डावीकडे असते, म्हणजे एक हात बोल्टवरून काढावाच लागत नाही. सगळ्या शेपट्या एकदम एका कोनात स्थिरावतात. डावा हात काडतूस सरकवतो, उजवा बोल्ट लोटतो, रायफल वाळूच्या पिशव्यांवर मागे घसरते, पुन्हा पुढे ढकलली जाते. वीस सेकंदांत पाच गोळ्या संपतात. निशाणामागची पट्टी तेवढ्यात किती सरकली असेल?