चार इंचांचा स्ट्रोक

सातारा-सांगलीकडच्या माणसाला इंजिनाचा कान उपजतच असतो, असं माझं जुनं मत आहे आणि ते बदलायला मी तयार नाही. औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कारखाना उभा केला. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी 1922 साली आपला सुरू केला. दोघांकडेही आधी नांगर, मग इंजिनं. (हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत. साताऱ्यात आज शंभर जणांना विचारा, ‘कूपर’ म्हटल्यावर नव्वद जण कारखानाच सांगतील.) कृष्णाकाठच्या विहिरींवर एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनांची धडधड ऐकत पिढ्या वाढल्या. कुणाचं इंजिन सुरू झालं, कुणाचं तेल संपत आलंय, हे माणसं घरात बसून सांगत.

ज्यांचे कान असे तयार झालेत त्यांच्या मुलखात छोटी फोर बाय फोर पिकअप आणि तिच्या बॉनेटखालचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन हा विषय निघाला की गप्पा जेवणापर्यंत लांबतात. मी स्वतः या गाड्यांच्या नादाला कधी लागलो ते नेमकं आठवत नाही. पण कुठंही हौदा असलेली आणि पुढच्या चाकांच्या मधोमध गोळा दिसणारी गाडी उभी असली की मी वाकून खाली बघतो. पुढं गोळा म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद जाते. नुसता सरळ आस दिसला की ती गाडी आपल्या कामाची नाही.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. या दोन जिल्ह्यांतल्या बहुतेक पिकअप मागच्याच दोन चाकांवर चालतात आणि त्यांचं त्यात भागतं. तासगावची द्राक्षं किंवा सांगलीची हळद डांबरी रस्त्यानं जाते, तिला चार चाकांची ताकद कशाला? फोर बाय फोरचं राज्य सुरू होतं ते पश्चिमेला. पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा. महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात 500च्या आसपास, असा हा विचित्र मुलूख. कोयनेच्या पाण्यापलीकडच्या वाड्या, चांदोलीच्या कडेची गावं, वनखात्याच्या वाटा, पवनचक्क्यांची पठारं. तिथं जून ते ऑक्टोबर ‘लो गिअर आहे का?’ हा पहिला प्रश्न.

इतिहास थोडक्यात उरकतो. दुसऱ्या महायुद्धात विलीज जीप आली, तिचं इंजिन 2,199 सीसीचं, चार सिलिंडर, साठ अश्वशक्तीचं. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत जीप जुळवायला सुरुवात केली, पुढं इथंच बनवायला लागले. अमेरिकेत जीपचाच एक बॉनेट नसलेला, केबिन पुढं असलेला ट्रक होता, त्यात छोट्याला चार आणि मोठ्याला सहा सिलिंडर. आपल्याकडं छोटा आला. बाहेर 1979 साली टोयोटानं हायलक्सला फोर बाय फोर केलं आणि जगभर अशा पिकअपची लाट आली, तीही मुख्यतः चार सिलिंडरवरच. एवढं पुरे. माझा जीव अडकलाय तो भाग वेगळाच आहे.

महिंद्रांच्या बोलेरो पिकअप आणि कॅम्पर या गाड्यांत वर्षानुवर्षं जे डिझेल इंजिन आलं, त्याची क्षमता 2,523 सीसी. आता हा आकडा असा तिरपागडा का? 2,500 का नाही? उत्तर बोअर आणि स्ट्रोकमध्ये आहे. बोअर 88.9 मिलिमीटर, स्ट्रोक 101.6. इंचात मांडा: साडेतीन इंच आणि बरोबर चार इंच. मेट्रिक पद्धतीत वाढलेल्या कुणीही 101.6 असा आकडा कागदावर काढणार नाही. हा जुन्या इंचवाल्यांचा हात आहे. मागं जात गेलं की धागा सापडतो तो ट्रॅक्टरमध्ये. 1963 साली महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली, आणि बी-275 हा ट्रॅक्टर आपल्याकडं बनू लागला. त्याच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा स्ट्रोकही चार इंच, बोअर थोडा कमी, क्षमता साधारण 2,350 सीसी. जीपमध्ये डिझेल बसवायची वेळ आली तेव्हा हेच घराणं बॉनेटखाली गेलं. बोअर वाढून साडेतीन इंच झाला, स्ट्रोक तोच राहिला. म्हणजे पाटण तालुक्यात आज जी कॅम्पर पिशव्या आणि माणसं घेऊन चढते, तिचं मूळ नांगरटीच्या रानात आहे.

ही नुसती वंशावळ सांगायची हौस नाही, तिचा गुण गाडीत उतरलाय. बोअरपेक्षा स्ट्रोक मोठा म्हणजे क्रँकचा दांडा लांब आणि फेरे कमी. या इंजिनाची साधी, कॉमन रेल नसलेली आवृत्ती 63 अश्वशक्तीची होती. शहरातली छोटी पेट्रोल कारसुद्धा याहून जास्त सांगते. पण 180 न्यूटनमीटर टॉर्क मिळायचा तो जेमतेम 1,440 ते 1,500 फेऱ्यांना. मारुती जिप्सी किंगचं 1,298 सीसीचं पेट्रोल इंजिन (तेही चार सिलिंडर, आणि काय गोड इंजिन!) 80 अश्वशक्तीचं, पण त्याचा 103 न्यूटनमीटर टॉर्क 4,500 फेऱ्यांना. चिखलात, हौद्यात खताची पोती असताना, 4,500 फेऱ्या करणार कोण? चाक जागच्या जागी फिरून खड्डा खणेल. लष्करातून आलेला माणूस जिप्सीच्या बाजूनं भांडतोच. आपशिंगे मिलिटरीसारखी गावं ज्या जिल्ह्यात आहेत तिथं हे भांडण मी बरेचदा ऐकलंय, आणि रिकाम्या गाडीपुरतं त्यांचं खरं आहे. ओझं टाकलं की ट्रॅक्टरचं घराणं जिंकतं.

आता चारच का? एक सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. तीन सिलिंडरमध्ये 240 अंशांवर एक, चारमध्ये दर 180 अंशांवर. आयडलवर 900 फेरे धरा: एकाला सेकंदाला साडेसात धक्के, तिघांना साडेबावीस, चौघांना तीस. धक्के जितके जवळजवळ तितकी चाकाला जाणारी ओढ सलग. ओल्या मातीची पकड धक्क्यानं सुटते, ताकदीनं नाही. शिवाय पहिला आणि चौथा पिस्टन वर जाताना दुसरा-तिसरा खाली येतात. दोन बाया एका उखळात आळीपाळीनं मुसळ घालतात तशी ही जोडी, त्यामुळं मुख्य हादरा आपापसातच जिरतो. दुप्पट वेगाचा एक बारीक हादरा उरतो आणि इंजिन मोठं, वेगवान झालं की तो त्रास देतो, म्हणून काही कंपन्यांना त्यात वेगळे तोल सांभाळणारे दांडे घालावे लागले. पण कमी फेऱ्यांत काम करणाऱ्या डिझेलला त्याचं एवढं काही नाही. सहा सिलिंडर याहून सुरेख फिरतं, पण ते लांब. बॉनेट लांबतं, पुढच्या आसावर वजन येतं आणि गाडी नाकानं चिखलात घुसते. अरुंद घाटवाटेवर लांब नाक म्हणजे डोकेदुखी.

चाळकेवाडीच्या पठारावर मी पावसाळ्यात मुद्दाम जातो. साताऱ्यातून सज्जनगडाचा फाटा, ठोसेघर, मग सडा. जांभ्यावर पाणी, समोर धुकं, आणि धुक्यातून पवनचक्कीचं पातं अचानक डोक्यावरून जातं. तिथल्या एका चालकानं, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, मला पाटण बाजूला उतरणारी एक कच्ची वाट दाखवली होती. गाडी जुनी, साध्या पंपाची. उतारापाशी त्यांनी गाडी पूर्ण थांबवली, लिव्हर ओढून लो टाकला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि दोन्ही पाय उचलून आत घेतले.

“ब्रेक?” मी विचारलं.

“ब्रेकला हात... न्हाई, पाय लावायचाच न्हाई, साहेब. चाक बांधलं की गाडी घसरली. इंजिनच धरतंय तिला.”

खरोखर माणूस चालतो त्याहून हळू ती गाडी उतरली. परत येताना चढावर तोच प्रकार, ॲक्सिलेटरला पाय नाही. मध्ये एका पायरीसारख्या दगडाशी चाक आलं, इंजिनाचा आवाज किंचित खाली गेला, आणि मग आपोआप भारी झाला. चाक वर चढलं. हे आपोआप होणं म्हणजे पंपातला गव्हर्नर. आयडलवर फेरे पडायला लागले की तो स्वतःहून डिझेल वाढवतो. जुन्या कार्बोरेटरच्या पेट्रोल गाडीला ही सोय नव्हती, ती तिथं गचके खाऊन बंद पडली असती. आणि लो गिअर काय करतो? जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये त्याचं गुणोत्तर 2.46 होतं, म्हणजे वेग अडीचपटीनं कमी आणि चाकावरची ओढ जवळजवळ अडीचपट. तीस धक्के, लांब स्ट्रोक, गव्हर्नर आणि लो गिअर हे चौघं एकत्र आले की 63 अश्वशक्तीत डोंगर उतरतो आणि चढतोही.

या फोर बाय फोरबद्दल एक गोष्ट मात्र नव्यानं घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. पुढच्या आणि मागच्या आसाच्या मध्ये या गाड्यांत डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि तो फरक चिखलात घसरून निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघायला जागाच नाही. मग सगळा पीळ जॉइंटच्या क्रॉसवर आणि हाउसिंगवर येतो. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर अडकून बसते. लग्नाच्या वऱ्हाडाला ऐट दाखवायला फोर बाय फोर टाकून बायपासवर पळणारी पोरं मी बघितलीत. पुढच्या महिन्यात ती मिस्त्रीकडं असतात.

मिस्त्रींवरून आठवलं. कराडच्या एका मिस्त्रींकडं मी कारण नसताना जाऊन बसतो. पूर्वीच्या प्यूजो इंजिनाबद्दल (महिंद्रांनी 1979 साली त्या फ्रेंच कंपनीशी करार केला, 2,112 सीसी, एमएम 540 मध्ये आलं ते) त्यांचं मत कडक आहे: “पळायला गुणी, पण थंडीत नखरे.” त्याला सकाळी हीटर तापवल्याशिवाय चालत नसे, कारण डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटायचं. 2,523 सीसीच्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनात ते थेट पिस्टनच्या डोक्यावर पडतं. आवाज कर्कश, पण पाचगणीच्या जानेवारीतही चावी फिरवली की सुरू. त्या दिवशी मिस्त्रींच्या पुढ्यात असंच एक इंजिन उघडं पडलं होतं. चारही लायनर बाहेर, रांगेत उभे. त्यांनी एकाच्या आतून बोट फिरवलं, वरच्या टोकाशी थांबवलं आणि माझं बोट तिथं टेकवलं. रिंग जिथून परत फिरते तिथं झिजून एक बारीक काठ उभा राहिला होता. तो नखाला लागला. “नख अडाकलं की लायनर बदलायचं, मीटर नंतर बघा.” लायनर बदलता येतो, ब्लॉक फेकावा लागत नाही, हेही ट्रॅक्टरचंच देणं. विट्यापासून शिराळ्यापर्यंत कुठलाही ट्रॅक्टर फिटर हे काम ओळखीच्या हातानं करतो.

अशाच हातांची एक गोष्ट. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका कारागिरानं भंगारातून छोटी जीप बनवली, 2021च्या डिसेंबरात तिची चित्रफीत देशभर फिरली. ती किक मारून सुरू व्हायची. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. किकची ती जीप मला चार सिलिंडरच्या गाड्यांपेक्षा जास्त आवडते, हे माझ्या सगळ्या युक्तिवादाच्या विरुद्ध जातं, पण जाऊ दे.

नव्या गाड्यांचं काय? बोलेरोच्या प्रवासी गाडीत 2016 पासून 1,493 सीसीचं तीन सिलिंडर आलं. तेव्हा कागदावर 195 न्यूटनमीटर, म्हणजे जुन्या चारापेक्षा जास्तच, ॲव्हरेजही बरा. जड फ्लायव्हील धक्क्यांतलं अंतर बरंचसं झाकतं. डांबरावर माझी तक्रार नाही, पण लो गिअरच्या कामाला मी ती घेणार नाही. ओझ्याच्या कॅम्परला कंपनीनं 2,523 सीसी, चार सिलिंडर ठेवलं, कॉमन रेल लावून: 75 अश्वशक्ती, 200 न्यूटनमीटर, 1,400 फेऱ्यांपासून. कंपनीलाही कळतंय म्हणायचं. इसुझूची व्ही-क्रॉस 1,898 सीसीतून 360 न्यूटनमीटर काढते, हायलक्स 2,755 सीसीतून 500 पर्यंत. दोन्ही चार सिलिंडर, दोन्ही देखण्या. पण हौद्यात शेणखत टाकायला मालकाचा जीव होत नाही.

जुनी घेणाऱ्यासाठी मिस्त्रींची पद्धत सांगतो. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडायचं. भसाभसा वाफ आली तर रिंग गेल्या. सकाळी थंड इंजिन सुरू करून बघायचं, विक्रेत्यानं आधीच तापवून ठेवलं असेल तर संध्याकाळी परत जायचं. मग मोकळ्या रानात नेऊन लो टाकायचा आणि खरोखर पडतो का ते बघायचं, कारण वर्षानुवर्षं न वापरलेली लिव्हर गंजून बसलेली असते. पुढच्या हबमध्ये ग्रीस आहे की पाणी, ते बोटानं बघायचं. पिवळ्या पाटीची असेल तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करावा लागतो, त्याचे कागद मागायचे. आणि तिचा आधीचा मालक पवनचक्कीवाला असेल तर गाडीखाली झोपून चेसीचा मागचा भाग बघायचा. पठारावरच्या धुक्यानं तिथं गंज आधी चढतो.