ताट बाजूला सारणाऱ्या मुली

मुल्लानपूर हे नाव मराठी माणसाच्या कानावर पडलं ते अलीकडेच. चंदीगडला खेटून असलेल्या या पंजाबी गावाच्या शिवारात 'न्यू चंदीगड' वसलं, क्रिकेटचं मोठं स्टेडियम झालं आणि 24 ऑगस्ट 2022 रोजी मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या 300 खाटांच्या होमी भाभा कर्करोग रुग्णालयाचं उद्घाटन झालं. कर्करोगाच्या वॉर्डात अन्नावरची वासना उडालेला माणूस रोज दिसतो आणि तिथे कारण उघड असतं. पण सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि तरीही सोळा वर्षांची मुलगी ताट बाजूला सारते, हाडांचा सापळा होत जाते, तेव्हा डॉक्टर काय समजतात? भारतात या प्रश्नाचा विचार ज्या मोजक्या ठिकाणी आधी झाला, त्यातलं एक मुल्लानपूरहून दहा-बारा किलोमीटरवर आहे. ते म्हणजे चंदीगडची पीजीआय ही पदव्युत्तर वैद्यकीय संस्था.

पीजीआयचा मानसोपचार विभाग 1963 साली डॉ. एन. एन. विग यांनी उभा केला. सत्तरच्या दशकात या विभागाने हरियाणातल्या रायपूर राणी भागात जाऊन खेड्यातल्या मनोरुग्णांवर काम केलं. त्या कामात फिट्स, स्किझोफ्रेनिया, नैराश्य होतं. खाण्याच्या विकाराला त्यात जागा असण्याचं कारण नव्हतं. हा श्रीमंत गोऱ्या मुलींचा आजार, असंच सगळे धरून चालले होते. 1977 मध्ये डॉ. जे. एस. नेकी आणि सहकाऱ्यांनी जुळ्या भावंडांमधल्या अॅनोरेक्सियाची, म्हणजे उपाशी राहून खंगत जाण्याच्या याच विकाराची, नोंद प्रसिद्ध केली, तीही नवलाची बाब म्हणून. मग 1987 साली 'इंडियन जर्नल ऑफ सायकिअॅट्री'त चड्ढा, सविता मल्होत्रा, असद आणि बांबेरी यांचा लेख आला. विषय होता अॅनोरेक्सियामागची सामाजिक-सांस्कृतिक कारणं. लेखकांमध्ये पीजीआयचे मानसोपचारतज्ज्ञ होते, तसे मेडिसिनचे डॉक्टरही होते. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण हे रुग्ण मानसोपचाराच्या दारातून आत येतच नव्हते. ते यायचे पोटाच्या डॉक्टरकडे.

आणि पोटाच्या डॉक्टरकडे संशयितांची रांग मोठी. आपल्याकडे वाळत चाललेल्या पोरीला आधी टीबीसाठी तपासतात, मग जंतासाठी, मग थायरॉइडसाठी. पंजाबात तर गव्हाचीच शंका घ्यावी लागते. लुधियान्याच्या शाळकरी मुलांच्या 2006 मधल्या पाहणीत 310 मुलांमागे एकाला सीलिअॅक रोग, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार, आढळला होता. म्हणून डॉक्टरांनी शरीराकडे आधी पाहिलं, त्यात त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. युरोपातही हेच झालं होतं. लंडनच्या विल्यम गल आणि पॅरिसच्या लासेग यांनी 1873 मध्ये अॅनोरेक्सिया हा मनाचा आजार म्हणून स्वच्छ वर्णिला होता. पण 1914 साली हॅम्बुर्गच्या सिमंड्सने पिट्युटरी ग्रंथी नष्ट झाल्याने खंगलेल्या रुग्णाचं वर्णन केलं, आणि पुढची दोन-तीन दशकं उपाशी मुलींना ग्रंथींचे अर्क टोचले जात राहिले.

खरा घोळ पुढचा आहे. निदानाची जी पाश्चात्त्य फूटपट्टी आपल्याकडे आली तिच्यात 'लठ्ठ होण्याची तीव्र भीती' ही अट होती. दिल्लीच्या खंडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी 1995 मध्ये पाच तरुणींची हकिगत मांडली. त्या जेवत नव्हत्या, सारख्या ओकत होत्या, वजन ढासळलेलं, पाळी थांबलेली. पण आपण जाड आहोत असं त्यांना वाटत नव्हतं. हाँगकाँगमध्ये मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली हेच सांगत होते. वेल्लोरच्या डॉक्टरांनी 2000 ते 2005 या काळातल्या बालमानसोपचार विभागाच्या नोंदी तपासल्या. खाण्याच्या विकाराची 41 मुलं निघाली आणि त्यातल्या 35 जणांना होती मानसिक कारणाने होणारी उलटी. मुलगी 'मला बारीक व्हायचंय' म्हणत नाही, 'पोटात राहत नाही' म्हणते. आपल्या घरांत पोटाच्या तक्रारीला मान आहे, मनाच्या तक्रारीला नाही. त्यात सोमवार, चतुर्थी, नवरात्र असे उपवास एकापुढे एक लावले, तर वर्षभर कोणी विचारणारही नाही.

मनोविकारांच्या 2013 च्या अमेरिकी वर्गीकरणात पाळी थांबण्याची अट गेली, भीती तोंडाने बोलून दाखवायची सक्तीही गेली. वजन वाढू न देणारं वागणं दिसलं तरी पुरे ठरलं. मुलगे आता निदानात नीट बसू लागले. हे बदल आपल्या डॉक्टरांच्या नोंदींमुळे झाले असा दावा मी करणार नाही, पण त्या नोंदी वेळेवर वाचल्या गेल्या असत्या तर बरं झालं असतं.

दरम्यान, बारीक होण्याचं वेड आपल्याकडे नव्हतंच असंही नाही. मद्रासमध्ये 1995 साली 210 वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे 15 टक्क्यांमध्ये खाण्याविषयीची त्रासदायक बेचैनी आढळली होती. तेव्हा इन्स्टाग्राम नव्हतं.

उपचारांची कहाणी मात्र चकित करणारी. गलचं मत होतं की नातेवाईक हे अशा रुग्णाचे सर्वांत वाईट शुश्रूषक. शंभर वर्षं डॉक्टर मुलीला घरापासून तोडत राहिले. मग 1987 मध्ये, म्हणजे चंदीगडच्या लेखाच्याच वर्षी, लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या गटाने दाखवून दिलं की कोवळ्या वयात जडलेला आणि फार न मुरलेला अॅनोरेक्सिया आईवडिलांना उपचारात घेतल्याने जास्त चांगला बरा होतो. पंजाबला हे ऐकून नवल वाटायला नको होतं. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी पन्नासच्या दशकातच आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांसोबत राहायला बोलावलं होतं. ते खाण्याच्या विकारासाठी नव्हतं हे खरं, पण घर हे औषध होऊ शकतं हा विचार तोच.

तरी आपल्या कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाण्याची घाई नको. शेजारी बसून घास भरवणारी आई आणि 'लग्न झालं की सुटेल हे खूळ' म्हणणारी आत्या एकाच घरात असतात. मॉड्स्लीच्या पद्धतीत पालक धाक घालत नाहीत. रोजचं खाणं तात्पुरतं आपल्या हाती घेतात आणि वजन सावरलं की पुन्हा मुलीच्या हाती देतात. अॅनोरेक्सिया हमखास बरा करणारी गोळी आजही नाही. शिवाय फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून जीव जाऊ शकतो, म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या नजरेखालीच हवी.

मुल्लानपूर असो की मिरज, मुलीचं किंवा मुलाचं वजन सतत उतरतंय, पाळी चुकतेय, जेवणानंतर न्हाणीघराचं दार लगेच बंद होतंय आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल येतायत, तर पुढची चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञाच्या नावाची मागा. कुठे जावं हे उमगत नसेल तर सरकारची 'टेली-मानस' सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क आणि मराठीतही मिळते.