सात दिवसांचे पुण्य

गेल्या दिवाळीत, फराळाचे ताट नुकतेच पुढे आले असताना, अमेरिकेहून ताईचे पत्र आले. पत्र म्हणायचे ते जुन्या सवयीने. आले होते ते संगणकावरच. ताई म्हणजे माझी मावसबहीण. वीस वर्षांपासून ती तिकडे संसार करून आहे. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, सोळा वर्षांची. तिच्या मैत्रिणीच्या चर्चतर्फे काही मुलेमुली उन्हाळ्यात आठवडाभर होंडुरास देशात जाणार होती. एका गरीब वस्तीतली शाळा रंगवायची, मुलांशी खेळायचे, प्रार्थना करायची आणि परत यायचे. भाचीलाही जायचे होते. ताईने लिहिले होते, "धर्माची मला भीती नाही रे. पण हे काम खरेच चांगले आहे का? तू कॉलेजची शिबिरे नेतोस, तूच सांग."

फराळ गोड लागला, पण प्रश्न काही गिळता येईना. मी मराठीचा मास्तर. होंडुरास नकाशात शोधण्यापासून माझी तयारी! सुटीभर जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवतो.

अशा अल्पकालीन धर्मसेवेची प्रथा फार जुनी नाही. पूर्वीचा मिशनरी बोटीने निघे, तो बहुधा जन्माचा निरोप घेऊनच. विमाने आली आणि महिन्यांचा प्रवास तासांवर आला. १९५७ साली जॉर्ज व्हर्वर नावाचा कॉलेजातला तरुण दोन मित्रांसह सुटीत मेक्सिकोत धर्मप्रचाराला गेला. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी तरुणांना अशा कामावर धाडणारी संस्था काढली. पुढे ओघच लागला. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांच्या २००५ च्या पाहणीवरून, अमेरिकेतल्या चर्चचे सुमारे १६ लाख सभासद वर्षाला अशा परदेशवाऱ्या करीत, असा अंदाज निघाला. मेक्सिको, हैती, होंडुरास, ग्वाटेमाला हे त्यांचे नेहमीचे मुक्काम.

या लोकांच्या हेतूविषयी मला शंका नाही. सुटी समुद्रकिनारी लोळून घालवण्याऐवजी कोणी दूरच्या झोपडीत विटा वाहायला जातो, तर त्याला हसणारे आपण कोण? परंतु त्यांना पहिला खडा सवाल त्यांच्याच घरातून आला. इव्हान इलिच हे व्हिएन्नात जन्मलेले कॅथलिक धर्मगुरू. मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका गावी त्यांचे केंद्र होते; लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्या मिशनऱ्यांना तिथे स्पॅनिश शिकवीत. २० एप्रिल १९६८ रोजी, सुटीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवा करू पाहणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे ते बोलायला उभे राहिले आणि त्यांनी कौतुकाऐवजी झाडाझडतीच घेतली. या, आमचे डोंगर चढा, फुले पाहा, शिका. पण उपकार करायला येऊ नका, असा त्या भाषणाचा आशय होता. ज्यांची भाषा येत नाही त्यांचे भले कशात आहे, हे तुम्हांला कळणार कसे, हा त्यांचा मुद्दा. भाषेच्या मास्तराला तो पटला यात नवल नाही.

आता होंडुरासचेच पाहा. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर मिच नावाचे चक्रीवादळ मध्य अमेरिकेवर येऊन बसले. पूर आणि दरडी यांनी होंडुरास व निकाराग्वा या देशांत हजारो माणसे मेली, गावेच्या गावे वाहून गेली. घरे बांधायला उत्तर अमेरिकेतून चर्चच्या तुकड्या आल्या. काही घरे होंडुरासच्याच संस्थांनी व गवंड्यांनी बांधली. कर्ट व्हर बीक या होंडुरासमध्ये राहणाऱ्या ख्रिस्ती प्राध्यापकांनी दोन्ही तऱ्हेच्या घरांत जाऊन चौकशी केली. त्यांचा लेख २००६ साली प्रसिद्ध झाला. घर मिळाल्याचा आनंद सर्वांनाच होता. पण ते पाहुण्यांनी बांधले की गाववाल्यांनी, याने कुटुंबाच्या आयुष्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही. येण्याजाण्यावर होणारा पैसा आणखी घरांना लावला असता तर बरे, असेही तिथल्या लोकांनी सांगितले. साधा हिशेब आहे. वीस माणसांच्या विमानभाड्यात किती छपरे उभी राहिली असती आणि किती गवंड्यांच्या चुली पेटल्या असत्या! आणि जाणाऱ्यांचे काय? "आमचे आयुष्य बदलले," असे ते म्हणत. प्रत्यक्षात त्यांच्या दानधर्मात किंवा प्रार्थनेत टिकाऊ बदल थोडाच आढळला.

हैतीची गोष्ट याहून बोचरी. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर त्याच महिन्यात अमेरिकेतली दहा माणसे ३३ मुलांना घेऊन डॉमिनिकन सरहद्दीवर पकडली गेली. अनाथांना आसरा द्यायचा, असे ती म्हणत होती. चौकशीत निघाले की त्या मुलांचे आईबाप हयात होते. मुलांना शिक्षण मिळेल या आशेने गरिबांनी ती सुपूर्द केली होती. दुष्टपणा नव्हे, घाई नडली. शेजारच्या बाईला तिच्याच भाषेत दोन प्रश्न विचारायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही कोणी काढला नव्हता.

मग परक्याने येऊच नये काय? तसे म्हणायला आपली महाराष्ट्राची जीभ रेटत नाही. गॉर्डन हॉल हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, मराठी शिकले, मराठीत बोलू-लिहू लागले आणि १८२६ मध्ये पटकीने याच मुलखात वारले. डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ साली भारतात आले. मिरजेचे त्यांचे रुग्णालय आपल्या आजीआजोबांच्या तोंडी असे. ते परतले १९२८ साली. धर्मांतराच्या प्रश्नावरून त्या काळी पुष्कळ वाद झडले, ते योग्यच होते. तथापि, ही माणसे राहिली. त्यांच्या चुका त्यांच्या डोळ्यांपुढे वाढल्या, आणि त्यांना जाब विचारायला गावकऱ्यांना रोज सकाळ होती. आठवड्याने विमानात बसणाऱ्याला जाब कोण विचारणार?

इथवर आलो आणि माझीच लेखणी अडली. काही वर्षांपूर्वी मी पन्नास विद्यार्थ्यांचे सात दिवसांचे शिबिर एका दुष्काळी गावात नेले होते. आम्ही ओढ्यावर मातीचा बांध घातला. समारोपाला मुलामुलींची भाषणे झाली. प्रत्येकाचे आयुष्य बदलले होते. निघताना एक आजी मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरं ग्वाड हायती बाबा. पर तुमच्या आंघोळीचं पाणी वाहून वाहून आमच्या सुनांचे खांदे गेले." पाणी अर्ध्या कोसावरून येत होते. आमच्यापैकी एकानेही ते विचारले नव्हते. बांध पहिल्याच पावसात गेला, असे पुढे कानांवर आले. अहवालात मात्र तो अजून उभा आहे.

तेव्हा भाचीला मी "जा" किंवा "जाऊ नको" असे लिहिले नाही. प्रश्न लिहून पाठवले. तुम्हांला बोलावले कोणी? शाळेला रंगच हवा, हे कोणी ठरवले? तिथे रंगारी नाहीत काय? ज्या मुलांना तुम्ही लळा लावाल, ती पुढच्या आठवड्यात कोणाकडे पाहतील? आणि स्पॅनिश किती येते?

ती गेली. जुलैत तिचे पत्र आले. "मामा, भिंत रंगवायच्या आधी आम्ही ती खरवडली. निळ्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली गुलाबी. शाळेच्या शिपायाने हसत सांगितले, दर उन्हाळ्याचा एक. मी त्याला विचारले, शाळेला काय हवे? तो पुष्कळ बोलला. मला निम्मेही कळले नाही. आता मी स्पॅनिशच्या वर्गाला जाते." खाली एक ओळ होती: "मामा, तुम्ही त्या आजींच्या गावाला पुन्हा गेलात का?"

नव्हतो गेलो. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा मी तिकडे जाणाऱ्या एस. टी. त असेन; बरोबर विद्यार्थी नाहीत, घमेली-फावडी नाहीत. ताईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मी तिला दिले आहे. उरलेले अर्धे त्या आजीकडे आहे, ती मला ओळखेल तर.