परवाना चालू, व्हिसा संपलेला

मनीषनगरात ज्यांचा मुलगा किंवा सून अमेरिकेत नोकरीला आहे, अशी घरे आता थोडी राहिलेली नाहीत. मार्गशीर्षातील लग्नाला ही मंडळी येतात, पंधरा दिवस राहतात आणि जातात. विमानतळ जवळच असल्याने निरोपही दारातूनच दिल्यासारखा वाटतो. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र देशभर असे घरी आलेले अनेक जण ठरल्या दिवशी परतू शकले नाहीत. नोकरी शाबूत होती, कामाचा परवानाही चालू होता. संपला होता तो पासपोर्टवरील व्हिसा.

हा भेद व्यापारी घराला चटकन उमगावा. खाते चालू असते, शिल्लकही असते. तरी तीन महिन्यांहून जुना धनादेश बँक परत करते. व्हिसा हा त्या धनादेशासारखा, केवळ दारात दाखवण्याचा. आत किती काळ राहायचे हे आय-९४ या नोंदीवरील तारीख ठरवते. एच-१बी परवाना साधारणतः तीन वर्षांचा, पुढे आणखी तीन वर्षांची वाढ. ही वाढ कंपनीच्या अर्जावरून अमेरिकेतच मंजूर होते आणि तसा आय-७९७ हा कागद मिळतो. पासपोर्टवरील व्हिसाची तारीख मात्र जुनीच राहते. तेथे राहून काम करणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही. अडते ते देशाबाहेर पाऊल टाकल्यावर.

एक सवलत आहे. कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांपर्यंत राहून परतणाऱ्याला, त्याने तेथे नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसल्यास, जुन्या व्हिसावर प्रवेश मिळू शकतो. या ऐकीव सवलतीच्या भरवशावर नागपूरचे तिकीट काढणे म्हणजे दुसऱ्याच्या हुंडीवर माल उचलणे. भारतात आलेल्याला नवा व्हिसा घ्यावाच लागतो, आणि त्यासाठी मुंबई, हैदराबाद, दिल्ली, चेन्नई किंवा कोलकाता गाठावे लागते.

पूर्वी अनेकांचे हे काम मुलाखतीवाचून होई. २ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बी धारकांची ती सोय गेली. व्हिसासाठी आपल्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा, असेही त्याच महिन्यात सांगण्यात आले. पुढे १५ डिसेंबरपासून अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली आणि डिसेंबरातील कित्येक मुलाखती थेट मार्च २०२६ वर, काही त्याही पुढे गेल्या. या लोकांनी तारीख घेऊनच तिकिटे काढली होती, म्हणून त्यांना बेसावध म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही तिकिटाआधी परवान्याची नव्हे, व्हिसाची तारीख पाहणे आणि रजा वाढली तर कंपनी किती थांबेल हे लेखी विचारून ठेवणे, एवढे प्रत्येकाच्या हाती आहे.

मुक्काम लांबला की घराचे वातावरणही बदलते. पहिले आठ दिवस आजी खूश असते. मग तिकडच्या घराचा हप्ता, बंद घराचे भाडे, मध्यरात्रीचे कामाचे फोन हे विषय जेवणाच्या ताटाशी येऊ लागतात. अमेरिकेत जन्मलेल्या नातवाजवळ तिकडचा पासपोर्ट असतो, त्याला परतायला व्हिसा लागत नाही. त्याची शाळा जानेवारीत उघडते. आई-वडिलांची मुलाखत मार्चमध्ये असते.