किण्वनजन्य कार्बन डाय-ऑक्साइड व वनस्पतिसंवर्धन

यीस्ट या सूक्ष्म कवकाकडून शर्करेचे किण्वन (आंबण्याची क्रिया) घडवून आणून त्यात मुक्त होणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायू बंदिस्त जागेतील वनस्पतींना पुरविण्याची पद्धती. प्रकाशसंश्लेषणासाठी वनस्पतींना हा वायू लागतो व हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सु. ४२० भाग म्हणजे अत्यल्प असते. ते वाढविल्यास वाढ जोमाने होईल, या कल्पनेवर ही पद्धती आधारलेली आहे.

इतिहास : जोसेफ प्रीस्टली यांनी इंग्लंडमधील लीड्स येथे राहत असताना शेजारच्या बिअर-कारखान्यातील किण्वनकुंडांवर साचणाऱ्या वायूवर प्रयोग केले. मेणबत्ती जळून दूषित झालेली हवा पुदिन्याच्या रोपामुळे पुन्हा ज्वलनास योग्य होते, हे त्यांना १७७१ मध्ये आढळले. या क्रियेला प्रकाश आवश्यक असतो, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखवून दिले.

प्रक्रिया : सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी या यीस्टमधील एंझाइमांमुळे ग्लुकोजाच्या एका रेणूपासून एथिल अल्कोहॉलाचे दोन व कार्बन डाय-ऑक्साइडाचे दोन रेणू तयार होतात. त्यामुळे शर्करेतील एक-तृतीयांश कार्बनच वायुरूपाने मिळतो. उरलेला अल्कोहॉलात राहतो. १ किग्रॅ. साखरेपासून सैद्धांतिक दृष्ट्या सु. ५१५ ग्रॅ., म्हणजे ३०° से. तापमानास सु. २९० लि. वायू मिळतो. घरगुती मांडणीत २ लि. बाटलीत सु. २०० ग्रॅ. साखर, कोमट पाणी व अर्धा चमचा कोरडे यीस्ट घालून वरचा भाग रिकामा ठेवतात आणि बुचातून नळी काढतात. वायू साधारणपणे दोन आठवडे, पण उतरत्या वेगाने मिळतो. ४०° से.च्या वर यीस्टची क्रिया मंदावते.

नंदुरबार जिल्ह्यातील उदाहरण : हीच क्रिया सातपुड्यातील अक्कलकुवा, अक्राणी व तळोदे तालुक्यांतील भिल्ल, पावरा इ. जमातींना परंपरेने परिचित आहे. मोहाची (मधुका लाँगिफोलिया) फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. ती वेचून वाळवितात. वाळलेल्या फुलांत वजनाच्या सु. निम्मा किंवा त्याहून अधिक भाग शर्करांचा असतो. ती पाण्यात भिजत घातली की, निसर्गतः आढळणाऱ्या यीस्टमुळे आंबू लागतात. मडक्यावर दिसणारा फेस याच वायूचा होय. १ किग्रॅ. कोरड्या फुलांपासून सु. २५० ग्रॅ. वायू निर्माण होऊ शकतो व तो हवेत मिसळून जातो.

उपयुक्तता व मर्यादा : हा वायू खोलीतील कुंड्यांसाठी वापरला, तर काय साधेल हे हिशेबाने पाहता येते. ३ मी. लांब, रुंद व उंच खोलीत वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत ४२० वरून १,००० वर नेण्यास सु. १६ लि. वायू पुरतो, परंतु दारे-खिडक्यांच्या फटींतून तासाला एकदा हवा बदलली, तर तेवढाच वायू दर तासाला लागतो व १ किग्रॅ. साखर जेमतेम १८ तास पुरते. याउलट, एक प्रौढ व्यक्ती दिवसाकाठी सु. पाऊण ते एक किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड उच्छ्वासावाटे बाहेर टाकते. त्यामुळे वावर असलेल्या घरात वनस्पतींना या वायूची सहसा उणीव नसते, ती प्रकाशाची असते. प्रकाश, पाणी व पोषकद्रव्ये पुरेशी असतील, तरच वाढीव वायूचा लाभ होतो. तो मिरची, पपई यांसारख्या वनस्पतींत दिसून येतो. ऊस, ज्वारी व मका यांत हा वायू पानातच संहत करण्याची यंत्रणा असल्याने तेथे तो फारच थोडा असतो.

पाण्यात हा वायू हवेच्या मानाने सु. दहा हजार पट सावकाश पसरतो. म्हणून मासे ठेवण्याच्या काचेच्या टाकीतील पाणवनस्पतींना ही पद्धती खरोखर उपयोगी पडते. मात्र किण्वन रात्री थांबविता येत नाही. अंधारात प्रकाशसंश्लेषण बंद पडून पाण्यातील वायू वाढतो, पाणी आम्लधर्मी होते व मासे गुदमरू शकतात. बाटलीतील द्रव उलटा टाकीत जाऊ नये म्हणून नळीत एकदिश झडप बसवितात.

मोठ्या प्रमाणावर ही कल्पना जेथे किण्वन अन्य कारणासाठी चालू असते तेथेच किफायतशीर ठरते. नेदर्लंड्समध्ये रॉटरडॅम येथील इथेनॉल-कारखान्यातून निघणारा वायू नळांद्वारे काचगृहांना पुरविण्यात आला आहे. थंड हवामानामुळे ती दीर्घकाळ बंद ठेवता येतात. नंदुरबारसारख्या उष्ण प्रदेशात हरितगृहे वायुवीजनासाठी उघडी ठेवावी लागतात व सोडलेला वायू निघून जातो.

धोके : घट्ट बंद केलेली बाटली दाबाने फुटू शकते. हा वायू हवेच्या सु. दीडपट जड, रंगहीन व जवळजवळ गंधहीन असल्यामुळे खड्ड्यात, टाकीत किंवा कोंदट खोलीत तळाशी साचतो. हवेत त्याचे प्रमाण ५ टक्के झाल्यास धाप लागते व डोके दुखते, १० टक्क्यांच्या सुमारास शुद्ध हरपते. म्हणून किण्वनाची मोठी भांडी निजण्याच्या खोलीत ठेवू नयेत व किण्वनटाकीत वायुवीजनाशिवाय उतरू नये.