उतारवयात तैलरंग : नक्कल करीत शिकावे, जपून शिकावे

निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा, हा प्रश्न क्रांती चौकातील माझ्या दवाखान्यात वरचेवर विचारला जातो. अर्धांगवायू किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्यांची अडचण त्याहून बिकट असते. घर सोडता येत नाही आणि मन कोंडत जाते. अशांना मी तैलचित्रकला सुचवतो. तिने रोग बरा होत नाही, औषधेही सुटत नाहीत. परंतु हात, डोळे आणि चित्त काही काळ एका ठिकाणी येतात.

सुरुवात नकलेने करावी. त्यात कमीपणा नाही. आपल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रती रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर वर्षानुवर्षे केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या.

नकलेसाठी स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझ याचे १६१८ मधील ‘अंडी तळणारी वृद्धा’ हे चित्र घ्यावे. ते आज एडिनबरा येथे आहे. एक म्हातारी, एक मुलगा आणि स्वयंपाकघरातील भांडीकुंडी, एवढाच विषय. डावीकडून येणारा उजेड, मागे दाट अंधार. हे चित्र काढताना चित्रकार विशीच्या आत होता. संपूर्ण चित्राचा हट्ट नको. वाडगा, त्यावरील सुरी आणि तिची वाकलेली सावली एवढा तुकडा पुरेसा आहे.

छापील चित्रावर आणि कॅनव्हासवर सारख्या संख्येचे चौकोन आखावेत. प्रथम पातळ तपकिरी रंगाने छाया बसवावी, ती वाळल्यावर उजेडाचे रंग द्यावेत. पांढरा, पिवळी माती, गेरूसारखा तांबूस, तपकिरी आणि काळा एवढे रंग पुरतात. खालचे थर कमी तेलाचे, वरचे अधिक तेलाचे ठेवावेत. अन्यथा पुढे भेगा पडतात.

सांधे दुखत असल्यास कुंचल्याच्या दांड्यावर फोम गुंडाळून ती जाड करावी. हात थरथरत असल्यास मनगट आडव्या काठीवर टेकवावे. पाठीला आधार असावा आणि अर्ध्या तासाने उठावे. रंग फिके किंवा पिवळट दिसू लागल्यास मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. टर्पेंटाइनच्या वाफेने दमा आणि जुना श्वसनविकार बळावतो. रॉकेल हा त्याला पर्याय नव्हे. पाण्यात मिसळणारे तैलरंग मिळतात, ते घ्यावेत. नेहमीचे रंग असल्यास कुंचले करडईच्या तेलाने पुसून साबणाने धुवावेत. खिडक्या उघड्या असाव्यात. घरात रुग्णाला ऑक्सिजन सुरू असेल, तर त्या खोलीत हे साहित्य नेऊच नये. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवल्यास तो आपोआप पेटू शकतो. त्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात.

टर्पेंटाइन पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण किंवा नातवंड ते पाणी समजून पिऊ शकते. तसे घडल्यास उलटी करवू नये. ते फुप्फुसात उतरते. बाटली सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

शुश्रूषा करणाऱ्यांच्या दृष्टीने या माध्यमाचा एक मोठा गुण आहे. तैलरंग वाळायला अनेक दिवस घेतो. आतून हाक आली, तर कुंचला खाली ठेवून उठावे. औषध देऊन, कूस बदलून परत यावे. रंग ओलाच असतो आणि काम जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू होते.