विश्लेषण : ना ड्रिल, ना वीज... तळेघरसारख्या गावात किडलेला दात भरता येतो का?

मंचरहून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता घोडेगाव आणि डिंभे मागे टाकून वळणावळणाने वर चढतो, त्या वाटेवर आंबेगाव तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातले तळेघर लागते. इथल्या एखाद्या शाळकरी मुलाच्या दाढेत बारीक खड्डा पडला, तर तो भरून घेण्यासाठी पालकांना एक दिवसाची मजुरी बुडवून खाली उतरावे लागते. भात लावणीच्या दिवसांत तर ते जमतच नाही. मग दुखेपर्यंत थांबायचे आणि दुखले की दाढ काढायची, असा क्रम ठरून जातो. पण सुरुवातीच्या टप्प्यातला खड्डा शाळेच्या वर्गातही भरता येतो. त्यासाठी खुर्ची, कॉम्प्रेसर किंवा विजेची गरज नसते. हे कसे शक्य होते, कोणते साहित्य लागते आणि त्याच्या मर्यादा काय, हे जाणून घेऊ.

दात किडतो म्हणजे काय होते?

तोंडातले जिवाणू साखर आणि पिष्टमय पदार्थांपासून आम्ल तयार करतात. हे आम्ल दातातील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळवते. वरचे कठीण इनॅमल फुटले की कीड आतल्या मऊ डेंटिनमध्ये वेगाने पसरते. डेंटिनच्या आत नस असते. कीड तिथवर पोहोचली की ठणका सुरू होतो. म्हणजे दुखणे हे किडीचे पहिले लक्षण नसून बरेच उशिराचे लक्षण आहे. खड्डा दिसतो, अन्न अडकते, पण दुखत नाही, हीच दात भरण्याची योग्य वेळ.

ड्रिलशिवाय दात भरण्याचे तंत्र कोणते?

त्याचे नाव ‘ॲट्रॉमॅटिक रिस्टोरेटिव्ह ट्रीटमेंट’, थोडक्यात एआरटी. १९८०च्या दशकाच्या मध्यात टांझानियामध्ये ते आकाराला आले. वीज आणि यंत्रे नसलेल्या वस्त्यांत दात काढण्याशिवाय दुसरा पर्याय देता यावा, हा हेतू होता. १९९४च्या जागतिक आरोग्य दिनाचा विषय मौखिक आरोग्य होता. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या तंत्राचा पुरस्कार केला.

कृती साधी आहे. रुग्णाला बाकावर किंवा टेबलावर आडवे झोपवतात. हाताने चालवायच्या धारदार अवजारांनी मऊ झालेला किडका भाग खरवडून काढतात. निरोगी दात कापला जात नाही, त्यामुळे बहुतेक वेळा भुलीचे इंजेक्शनही लागत नाही. मग सौम्य आम्लाने खड्डा १०-१५ सेकंद पुसतात, ओल्या बोळ्याने धुतात, कोरड्या बोळ्याने टिपतात आणि त्यात सिमेंट भरतात. हातमोज्याच्या बोटाला व्हॅसलिन लावून ते दाबले की सिमेंट शेजारच्या बारीक खाचांतही जाते. त्यानंतर तासभर काही खायचे नाही.

कृती साधी असली, तरी ती दंतचिकित्सकानेच करायची आहे. किती खरवडायचे आणि कुठे थांबायचे, हे प्रशिक्षणाशिवाय कळत नाही.

हे सिमेंट दाताला चिकटते कसे?

या सिमेंटला ‘ग्लास आयनोमर’ म्हणतात. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते विकसित केले. १९७०च्या दशकात ते वापरात आले. बाटलीतली पूड म्हणजे फ्लोराइडयुक्त काचेचा भुगा आणि द्रव म्हणजे पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल. दोन्ही एकत्र घोटले की आम्ल काचेतून कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमचे आयन बाहेर काढते. हे आयन आम्लाच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधतात आणि काही मिनिटांत मिश्रण घट्ट होते. त्याच साखळ्या दातातल्या कॅल्शियमशीही जोडल्या जातात, त्यामुळे वेगळा गोंद लागत नाही. हे सिमेंट हळूहळू फ्लोराइडही सोडत राहते. गरम चहा किंवा थंड पाण्याने ते साधारण डेंटिनइतकेच फुगते-आकुंचते, म्हणून कडेला फट पडण्याचा धोका कमी असतो.

मग शहरात दातांच्या रंगाचे कंपोझिट का भरतात?

ते जास्त मजबूत असते आणि दिसायलाही चांगले. कंपोझिट म्हणजे राळ आणि बारीक काच-सिलिकाचे मिश्रण. पण ते बसवण्याच्या अटी कडक आहेत. आधी फॉस्फोरिक आम्लाने दात खरखरीत करायचा, मग बाँडिंगचा थर, मग साधारण दोन मिलिमीटरचे थर देत प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करायचा. कडक होताना ते किंचित आकसते. मधे थुंकीचा थेंब लागला तरी पकड बिघडते. लाळ शोषणारे यंत्र आणि वीज नसेल, तर महागडे कंपोझिट साध्या सिमेंटपेक्षा लवकर निघू शकते.

‘चांदी’ भरणे बंद होणार का?

ज्याला आपण चांदी म्हणतो ते ॲमाल्गम. त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. पाऱ्याच्या वापरावरील मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. १५ वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी ॲमाल्गम टाळण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. आता २०३४ पर्यंत त्याचा वापर थांबवण्याचे ठरले आहे. तोंडात आधीपासून असलेली चांगली ‘चांदी’ केवळ भीतीपोटी काढून घेण्याची गरज नाही.

एआरटीचे सिमेंट किती टिकते?

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात पक्क्या दातांच्या एकाच बाजूला भरलेल्या सिमेंटपैकी सुमारे ८० टक्के पाच वर्षांनंतरही टिकून होते. दुधाच्या दातांत एका बाजूचे ९३ टक्के सिमेंट दोन वर्षे टिकले. मात्र खड्डा दोन किंवा अधिक बाजूंना पसरलेला असेल, तर हेच प्रमाण ६२ टक्क्यांवर आले. कारण हे सिमेंट ठिसूळ आहे, चावण्याचा मोठा भार त्याला पेलत नाही. म्हणजे खड्डा लहान असतानाच गाठणे महत्त्वाचे.

हवामानाचाही परिणाम होतो. उकाड्यात सिमेंट लवकर घट्ट होते, त्यामुळे घोटायला आणि भरायला वेळ कमी मिळतो. तळेघरच्या पावसाळी हवेत पुडीच्या बाटलीचे झाकण उघडे राहिले, तर पूड ओल धरते. पूड आणि द्रवाचे प्रमाण चुकले, तर सिमेंट कमजोर होते. त्यामुळे मोजण्याचा चमचा अंदाजाने वापरून चालत नाही.

मोठ्या खड्ड्याला काय पर्याय?

दुधाच्या दाढेचा खड्डा मोठा असला, पण नस सुरक्षित असली, तर स्कॉटलंडमध्ये रूढ झालेली ‘हॉल’ पद्धत आहे. तिच्यात तयार स्टीलची कॅप ग्लास आयनोमरने दाढेवर बसवतात. कीड आत कोंडली जाते आणि तिची वाढ थांबते. दुसरा उपाय सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा. हे द्रव ब्रशने लावले की कीड थांबते, पण तो भाग कायमचा काळा पडतो, हे पालकांना आधी सांगावे लागते. हे द्रव आणि ग्लास आयनोमर सिमेंट, दोन्हींचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

रात्री ठणका लागतो, गाल सुजतो किंवा हिरडीवर पुळी येते, तेव्हा मात्र सिमेंट भरून भागत नाही. तिथे रूट कॅनल करून वर कॅप बसवणे किंवा दात काढणे हेच मार्ग उरतात. सगळे दात गेले तर कवळी. तिच्यासाठी माप, चाव्याची नोंद, चाचणी आणि बसवणी अशा चार-पाच फेऱ्या होतात. तळेघरच्या आजींसाठी त्या एसटीच्या चार-पाच फेऱ्या असतात. वेळेत भरलेली एक दाढ हा सगळा प्रवास वाचवते.

अडचण नेमकी कुठे आहे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके शाळा आणि अंगणवाड्यांत जाऊन मुले तपासतात आणि तपासणीच्या यादीत दातांची कीडही आहे. म्हणजे खड्डा शाळेतच सापडतो. पुढे चिठ्ठी मिळते, आणि चिठ्ठी ते उपचार या अंतरात मुले गळतात. अवजारांची पिशवी आणि सिमेंटच्या बाटल्या घेऊन दंतचिकित्सक ठरलेल्या दिवशी आश्रमशाळेत पोहोचला, तर लहान खड्डे तिथेच भरता येतील. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, वेळापत्रक लागते.

तोवर पालकांनी काय करावे?

- महिन्यातून एकदा उजेडात मुलांच्या मागच्या दाढा पाहा. काळा किंवा तपकिरी खड्डा दिसला की दुखण्याची वाट पाहू नका.
- शाळेत मिळालेली चिठ्ठी जपून ठेवा. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात जाण्याआधी दंतचिकित्सक कोणत्या दिवशी असतात, हे आशाताईंकडून विचारून घ्या.
- ‘दाढ काढावीच लागेल का, भरता येणार नाही का?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.
- दात मिश्रीने घासू नका, ती तंबाखूच आहे. फ्लोराइड असलेली पेस्ट दिवसातून दोनदा वापरा.